झाडाचं माहेर कुठलं?

शिकागोच्या पश्चिम भागातल्या युनियन पार्कात १८८८ साली एक लहानसा कोपरा तयार झाला. तो तयार करणारा येन्स येन्सेन हा डॅनिश तरुण चारच वर्षांपूर्वी अमेरिकेत आला होता आणि शहराच्या उद्यानखात्यात मजुरी करत एकेक पायरी चढत होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यानंही आधी परदेशी फुलझाडांचे आखीव ताटवे लावले होते. पण ती रोपं रुजेनात, एकामागून एक माना टाकू लागली. मग येन्सेननं घोडागाडी जुंपली आणि शहराबाहेरची रानं आणि गवताळ माळ गाठले. तिथे कुणी न लावता, न शिंपता वाढलेली रानफुलं त्यानं मुळांवरच्या मातीसकट उचलून आणली. त्या कोपऱ्याला 'अमेरिकन गार्डन' असं नाव मिळालं. येन्सेन पुढे अमेरिकेतला मोठा उद्यानरचनाकार झाला. शिकागोच्या कोलंबस पार्कात त्यानं माळावरून संथ वाहणाऱ्या नदीसारखा एक जलप्रवाह रचला आणि त्याच्या काठांवर त्या मुलखातलीच झाडं-गवतं लावली. पण त्याच्या सगळ्या कामाचं बीज त्या माना टाकलेल्या ताटव्यांत होतं.

त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं लोटली. शिकागो, मिलवॉकी, मिनियापोलिस या पट्ट्यात आता अनेक मराठी घरंही स्थिरावली आहेत. नवं घर घेतलं की मागच्या अंगणात काय लावायचं, हा प्रश्न पहिल्याच उन्हाळ्यात उभा राहतो. तुळस घरातल्या खिडकीत जगवता येते, कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरात आत घेता येते. पण जे झाड पन्नास वर्षं बाहेरच उभं राहायचं आहे, त्याची निवड कशी करायची? आणि घरामागे तळं असेल, तर त्याचा काठ कसा राखायचा? या भागातल्या नव्या वसाहतींत पावसाचं पाणी साठवणारी तळी जागोजाग असतात.

नर्सरीत गेलं की प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी लटकवलेली दिसते आणि चिठ्ठीवर एक आकडा असतो. हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशावरून येतो. १९६० साली पहिल्यांदा निघालेल्या या नकाशात आज देशाचे १३ पट्टे पाडले आहेत. एकेक पट्टा १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सिअसचा. चौथ्या पट्ट्यात हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरीनं उणे ३४ ते उणे २९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, पाचव्यात उणे २९ ते उणे २३ पर्यंत. २०२३ साली नकाशा नव्यानं काढला, तेव्हा १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदी आणि १३,४१२ हवामान केंद्रं हिशेबात घेतली. देशाचा जवळजवळ निम्मा भाग अर्ध्या पट्ट्यानं उबदार निघाला. मिनियापोलिस चौथ्यातून पाचव्यात आलं आणि शिकागोचा बराच भाग सहाव्यात गेला.

इथेच गिऱ्हाइकाची गफलत होते. नकाशा दर वर्षीच्या सर्वांत थंड रात्रींची सरासरी सांगतो. सर्वांत वाईट रात्र कशी असेल, हे त्यात नसतं. ३० जानेवारी २०१९ ला ध्रुवाकडची हवा खाली घसरली, तेव्हा शिकागोत पारा उणे ३१ अंशांवर गेला आणि मिनियापोलिसमध्ये उणे ३३ वर. सहाव्या पट्ट्याची सर्वांत थंड हद्द उणे २३ आहे. चिठ्ठीवरच्या आकड्यावर विसंबून नेमकं काठावरचं झाड निवडलेलं असेल, तर अशी एक रात्र वीस वर्षांची वाढ पुसून टाकू शकते. म्हणून जाणते माळी आपल्या पट्ट्याहून एक पट्टा थंड धरून झाड घेतात. हवा तापते आहे हे खरं असलं, तरी अशा रात्री अजून येतातच.

पण आकडा बरोबर धरला तरी गोष्ट संपत नाही. झाड थंडी सोसतं म्हणजे नेमकं काय करतं, ते पाहिल्यावर याचं कारण कळतं.

निफाडला पारा पाच अंशांखाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मिनेसोटात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ अंशांची नोंद झाली. तिथल्या रानातल्या झाडांसाठी शेकोटी पेटवायला कुणी गेलं नव्हतं. त्यांची तयारी ऑगस्टमध्येच सुरू झाली होती. दुपारी अजून घामाच्या धारा लागत असतात, पण दिवस आखूड होऊ लागलेले असतात आणि पानं ही घट अचूक मोजतात. शेंड्यांची वाढ थांबते, कळ्यांवर खवल्यांची कवचं चढतात. मग पहिल्या हलक्या हिमरात्री येतात आणि तयारीचा दुसरा टप्पा सुरू होतो. पेशींमधलं पाणी हळूहळू बाहेर, पेशींच्या मधल्या फटींत झिरपतं. बर्फ होतो तो तिथे, बाहेर. पेशीच्या आत उरतो साखरेनं दाट झालेला रस. पेशी सुकते, आक्रसते, पण फुटत नाही.

ओक आणि मेपलच्या लाकडातल्या पेशी याहून वेगळी युक्ती करतात. त्यांच्यातलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली गेलं तरी द्रवच राहतं, कारण बर्फाचा पहिला कण धरायला आत काहीच नसतं. ही युक्ती साधारण उणे ४० पर्यंत चालते, त्यापुढे पाणी आपोआप गोठतं आणि पेशी मरते. बर्च, विलो आणि अ‍ॅस्पेन या युक्तीवर अवलंबून नसतात, म्हणून ते ओकच्याही पुढे, पार उत्तरेपर्यंत गेले. अकिरा साकाई या जपानी शास्त्रज्ञानं आधी बेतानं गोठवलेल्या विलोच्या डहाळ्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. बाहेर काढल्यावर त्या जगल्या. मात्र तीच डहाळी जूनमध्ये दोन-चार अंश हिमानंही काळी पडते.

म्हणजे काटकपणा हा झाडाच्या अंगी बारमाही नसतो, तो वेळेवर यावा लागतो. आणि ही वेळ झाडाला ठाऊक असते ती त्याच्या पूर्वजांकडून.

रेड मेपलचं उदाहरण घेऊ. शरद ऋतूत लालभडक होणारं हे झाड दक्षिणेला फ्लोरिडापासून उत्तरेला न्यूफाउंडलंडपर्यंत रानात आढळतं. जात एक, चिठ्ठीवरचं नाव एक. पण फ्लोरिडातल्या झाडाच्या बियांपासून केलेलं रोप मिनेसोटात लावलं, तर सप्टेंबरात दिवस आखूड होत आल्याचं ते मनावरच घेत नाही. त्याच्या माहेरी अजून दोन महिने ऊन असतं. ते कोवळे शेंडे काढत राहतं आणि ऑक्टोबरातलं पहिलं खरं हिम ते शेंडे जाळून टाकतं. दोन-तीन हिवाळे असे गेले की खोडच मरतं. हे ओळखून मिनेसोटा विद्यापीठानं राज्याच्या उत्तर भागातल्या रानातल्या एका रेड मेपलपासून 'नॉर्थवुड' नावाचा वाण काढला. हा वाण उत्तरेतल्या अंगणांत टिकतो, कारण त्याचं मूळ झाड त्याच थंडीत वाढलेलं होतं.

तेव्हा नर्सरीत विचारायचा पहिला प्रश्न असा असावा: याचं बी कुठलं? 'देशी झाड' ही पाटी पुरत नाही. अमेरिका खंडाएवढा देश आहे, तिथे 'देशी' या शब्दात फ्लोरिडाही येतं आणि मिनेसोटाही. झाड कुठल्या जातीचं आहे इतकंच, किंबहुना त्याहूनही जास्त, त्याची आई कुठे उभी होती हे महत्त्वाचं. चांगल्या नर्सऱ्या हे सांगू शकतात. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याकडून डेझीची रोपं घ्यावीत, ओक घेऊ नये.

ओकमध्ये या मुलखाचं खास झाड म्हणजे बर ओक. त्याची साल बुचासारखी जाड असते. पूर्वी इथल्या माळांवर वणवे लागत, गवत आणि कोवळी झाडं जळून जात, पण या सालीच्या आत बर ओक शाबूत राही. गवताच्या समुद्रात हे ओक एकटेदुकटे उभे दिसत. झाड वाढतं सावकाश. पहिली काही वर्षं वर फारसं काही दिसत नाही, कारण सगळी कमाई जमिनीखाली सोटमुळात जात असते. पण एकदा बसलं की दोनशे-तीनशे वर्षं हलत नाही. उणे ४० च्या काठावरची थंडी, अवर्षण, चिकण माती, शहराचा धूर, सगळं सोसतं. डग्लस टॅलमी या कीटकशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ओकवर पोसल्या जाणाऱ्या पतंग-फुलपाखरांच्या जाती मोजल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या जोडीला एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात, हा हिशेबही त्यानंच लोकांपुढे मांडला. अंगणात आशियातून आलेलं शोभेचं झाड असेल तर त्याच्या पानाला कीड लागत नाही, पान स्वच्छ दिसतं. पण पक्ष्याच्या दृष्टीनं ते झाड म्हणजे रिकामं स्वयंपाकघर.

बर ओकचं एक बंधन मात्र पाळावं लागतं. एप्रिल ते जुलैमध्ये त्याची छाटणी करायची नाही. ताज्या जखमेवर किडे बसतात आणि ओक विल्ट नावाच्या रोगाची बुरशी आणून सोडतात. छाटायचं ते भर हिवाळ्यात, झाड झोपलेलं असताना.

थंडी आणि माहेर दोन्ही जुळलं, तरी तिसरी अडचण पायाखाली असते. शिकागोच्या उपनगरांतली माती बहुतेक ठिकाणी चिकण आणि चुनखडीची आहे. रिव्हर बर्च हे झाड थंडीला चांगलं काटक. त्याची पापुद्र्यांनी सुटणारी गुलाबी साल इतकी देखणी असते की गिऱ्हाईक तिथेच भुलतं. पण या मातीत तीन-चार वर्षांत त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मराठी शेतकऱ्याला हे चित्र नवं नाही. चुनखडीच्या रानात उसावर केवडा येतो तो हाच. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. अशा जागी हॅकबेरी लावावं; चुनखडी फार नसेल तिथे स्वॅम्प व्हाइट ओकही चालतो. नावात दलदल असली तरी स्वॅम्प व्हाइट ओक वर्षाकाठी काही आठवडे पाणी साचणारी जमीन जितकी सोसतो, तितकीच दाबलेली कोरडी मातीही सोसतो. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मारकाच्या चौकात चारशेहून अधिक झाडं लावली आहेत, ती मुख्यतः याच ओकची.

बर्चचाच एक भाऊ, पेपर बर्च, पांढऱ्याशुभ्र सालीचा. आपल्याकडे पोथ्या लिहायला वापरलेलं भूर्जपत्र हिमालयातल्या त्याच्याच भाऊबंदाचं. उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांनी या सालीच्या नावा केल्या, डबे केले, झोपड्या शाकारल्या. मिनेसोटाच्या उत्तरेला, थंड आणि पानांच्या कुजलेल्या थरानं झाकलेल्या मातीत हे झाड राजासारखं वाढतं. तेच शिकागोच्या हिरवळीत, उघड्या उन्हात लावलं की मुळं तापतात, झाड थकतं आणि बर्च बोरर नावाचा भुंगेरा त्याच्या सालीखाली शिरतो. ज्या झाडाला उणे ४५ ची थंडी सहज सोसते, ते इथे जुलैच्या उन्हानं मरतं. नकाशावरचा आकडा यातलं काही सांगत नाही.

या भागातल्या शहरांनी झाडांच्या निवडीचा सर्वांत महाग धडा दोनदा गिरवला. पूर्वी इथल्या रस्त्यांवर दुतर्फा अमेरिकन एल्मच्या कमानी होत्या, एकाच जातीच्या. युरोपातून आलेल्या लाकडाबरोबर डच एल्म रोग १९३० च्या सुमारास ओहायोत उतरला आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकला. मिनियापोलिसनं १९७७ या एकाच वर्षात ३१ हजारांच्या वर एल्म गमावले. रिकाम्या झालेल्या रस्त्यांवर पुन्हा झाडं लावली गेली आणि त्यांत अ‍ॅशची संख्या फार मोठी होती. अ‍ॅश देशी, काटक, स्वस्त, झपाट्यानं वाढणारा. २००२ साली डेट्रॉइटजवळ एक चमकदार हिरवा आशियाई भुंगेरा सापडला. सामानाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा. तेव्हापासून त्यानं कोट्यवधी अ‍ॅश मारले. कापलेल्या बुंध्यांच्या रांगा या शहरांतल्या लोकांनी आयुष्यात दोनदा पाहिल्या आहेत. फ्रँक सॅन्टामूर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९९० मध्येच एक आडाखा सांगितला होता. शहरातल्या झाडांपैकी एका जातीची झाडं १० टक्क्यांहून अधिक नसावीत, एका प्रजातीची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून. एका अंगणात एवढं गणित बसत नाही. पण शेजारच्या सहा अंगणांत जे आहे तेच सातव्यात लावू नये, एवढं तर कुणालाही जमतं.

अंगणाचा सर्वांत ओला, काहीच न जगणारा कोपरा असेल, तर टॅमरॅकचा विचार करावा. दिसायला हे सूचिपर्णी, पाइनच्या नात्यातलं. पण ऑक्टोबरात याच्या सगळ्या सुया सोनेरी होतात आणि गळून पडतात. नव्यानं आलेला माणूस झाड मेलं म्हणून हळहळतो. ज्या पाणथळीत दुसरी झाडं गुदमरतात, तिथे हे सरळ सोट उभं राहतं, आणि कॅनडात पार वृक्षरेषेपर्यंत गेलेलं आहे.

पाण्याचा काठ आला की झाडं मागे सरतात आणि गवतांचं राज्य सुरू होतं.

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि त्यांच्या काठांवर घरं. बहुतेकांनी केलं काय, तर हिरवळ थेट पाण्यापर्यंत नेली. ही हिरवळ बहुतेक केंटकी ब्लूग्रासची असते. नावात केंटकी असलं तरी ते आलं मुख्यतः युरोपातून. त्याची मुळं वीतभर खोल. हिवाळ्यात तळ्याचा बर्फ फुगतो आणि काठाला ढकलतो, वसंतात लाटा माती खातात, आणि वीतभर मुळांची हिरवळ थरासकट सोलून निघते. मग लोक दगड रचतात, भिंती बांधतात. पाण्यालगतच्या आखूड हिरवळीवर कॅनडा गीज या जंगली हंसांच्या झुंडी उतरतात, कारण कोवळं गवत खाता येतं आणि कोल्हा आला तर लांबून दिसतो. त्यांची घाण पाण्यात जाते, हिरवळीचं खत पाण्यात जातं, आणि जुलैत तळं शेवाळानं हिरवं होतं. मिनेसोटानं हिरवळीवर फॉस्फरसयुक्त खत घालण्यावर कायद्यानं बंधनं आणली, ती यामुळेच.

या सगळ्यावरचं उत्तर काठावरच उगवत होतं. त्या काठाला पायऱ्या असतात, वरून न दिसणाऱ्या. गुडघ्या-कमरेएवढ्या पाण्यात बुलरश, ज्याचे गोल हिरवे दांडे लाटांचा जोर मोडतात. उथळ पाण्यात आणि चिखलात सेज, म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातली मंडळी. लव्हाळा मराठी वाचकाला तुकोबांच्या अभंगातून ओळखीचा आहे. त्याच्या कुळाची खूण बोटांनी कळते: गवताचा दांडा गोल आणि पोकळ लागतो, सेजचा बहुधा तिकोनी आणि भरीव. त्यातलं टसक सेज वर्षानुवर्षं आपल्याच जुन्या पानांवर वाढत जाऊन दोन-तीन फूट उंच ढिगारे तयार करतं, आणि त्यांवर इतर रोपं बस्तान बसवतात. याच्या वरच्या ओल्या पट्ट्यात ब्लूजॉइंट, त्याच्या वर प्रेअरी कॉर्डग्रास. मग रेड ट्विग डॉगवुडची झुडपं, जी बर्फात रक्तासारखी लाल दिसतात. आणि मग झाडं. कुठलं गवत पाण्यापासून किती अंतरावर, हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही रोप जगत नाही. वावभर अंतराचा प्रश्न असतो.

प्रेअरी कॉर्डग्रासबद्दल जरा थांबून सांगायला हवं. माणसाहून उंच, कमानीसारखं झुकणारं, शरदात पिवळंधमक होणारं हे गवत. पात्याची कड करवतीसारखी, हात फिरवला तर रक्त निघतं, म्हणून पायवाटेशेजारी लावू नये. पूर्वीच्या शेतकऱ्यांनी याच्यानं छपरं शाकारली आणि गवताच्या गंज्या झाकल्या, कारण पाऊस याच्यावरून निथळून जातो. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळांवर खोल चर खणून गवतांची मुळं एकेक करून मोकळी केली आणि त्यांची चित्रं काढली. कॉर्डग्रासची मुळं अडीच मीटरच्याही खाली गेलेली त्यांना सापडली. केंटकी ब्लूग्रासची वीत आणि याचे अडीच मीटर शेजारी ठेवले की काठ कोण धरून ठेवेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

सेजवर तर एक अख्खा धंदा उभा राहिला होता. सेंट पॉलमधली क्रेक्स कार्पेट कंपनी दलदलीतलं वायरग्रास नावाचं सेज कापून, वळून त्याच्या सतरंज्या विणायची. कंपनीचं नावही सेजच्या केअरेक्स या शास्त्रीय नावावरून आलेलं. १९१२ साली कंपनीनं विस्कॉन्सिनमध्ये २३ हजार एकर दलदल विकत घेतली. पुढे लिनोलियम स्वस्त झालं, सतरंज्या मागे पडल्या आणि १९३३ मध्ये कंपनी बुडाली. ती जमीन राज्याकडे आली. आज तिथे क्रेक्स मेडोज हे जवळपास ३० हजार एकरांचं वन्यजीव क्षेत्र आहे आणि शरदात सँडहिल क्रौंचांचे थवे तिथे मुक्कामाला उतरतात.

थंडी ही अडचण नसून गरज आहे, हे सर्वांत चांगलं दाखवणारं गवत म्हणजे वाइल्ड राइस. ओजिब्वे त्याला मनोमिन म्हणतात. पाण्यावर अन्न उगवेल तिथे थांबा, असं पूर्वजांनी सांगितलं होतं आणि हे गवत दिसलं तेव्हा आपण थांबलो, अशी त्यांची परंपरा सांगते. सुगीच्या दिवसांत दोघं नावेतून जातात, एक जण नाव ढकलतो, दुसरा एका काठीनं दांडे नावेवर वाकवतो आणि दुसऱ्या काठीनं हलकेच टिपरी मारतो. पिकलेले दाणे नावेत पडतात, बाकीचे पाण्यात पडतात आणि तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. गाळात रुतलेल्या या दाण्याला जवळजवळ गोठलेल्या पाण्यात तीन-चार महिने पडून राहावं लागतं, त्याशिवाय तो अंकुरत नाही. वाळवून डब्यात ठेवलेलं बी उगवत नाही. मिनेसोटानं १९७७ मध्ये हे आपलं राज्यधान्य ठरवलं. घरगुती तळ्यात ते लावावंच असं नाही, त्याला हळू वाहतं, स्वच्छ पाणी लागतं आणि बदकं कोंब खाऊन टाकतात. पण ज्याच्या काठावर ते आहे, त्यानं ते उपटू नये.

उपटायचं असेल तर दुसरंच एक गवत आहे. नळ, शास्त्रीय नाव फ्रॅग्मायटिस. या गवताचा एक देशी प्रकार इथे हजारो वर्षं शांतपणे राहत होता. युरोपातून आलेला प्रकार दिसायला जवळजवळ तोच, पण ग्रेट लेक्सच्या काठांवर त्यानं मैलोनमैल दुसरं काही शिल्लक ठेवलं नाही. क्रिस्टिन साल्टन्स्टॉल यांनी २००२ मध्ये जनुकांच्या आधारे दाखवलं की ही आक्रमक गवतं बाहेरून आलेल्या वाणाची आहेत. देशी नळाचा दांडा उन्हाळ्यात खालच्या बाजूला तांबूस आणि गुळगुळीत असतो, परक्याचा फिका आणि रेघारेघांचा. पाणकणसाचंही असंच झालं आहे. देशी आणि परदेशी पाणकणसांच्या संकरातून झालेला वाण तळंच्या तळं गिळतो. म्हणून नर्सरीतून पाणवनस्पती घेताना तिचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहून मागणं हा शिष्टपणा ठरत नाही.

हे काम पैशाचं आहे तितकंच हट्टाचंही आहे. येन्सेनच्या हाताखाली शिकलेल्या आल्फ्रेड काल्डवेल यांनी १९३६ ते १९३८ या मंदीच्या काळात शिकागोच्या लिंकन पार्कात एक कमळतळं नव्यानं रचलं. थरांच्या दगडांचे कडे, मधून वाहणारं पाणी, काठावर इथलीच झाडं. रानफुलांसाठीचे पैसे ऐन वेळी कापले गेले. तेव्हा काल्डवेल यांनी स्वतःची विम्याची पॉलिसी मोडली, विस्कॉन्सिनातून ट्रक भरून रोपं आणली आणि लावली. ते तळं आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्याच शहरात, गूज आयलंडजवळच्या कालव्याला माती नावाचा काठच उरला नव्हता, दोन्ही बाजूंना लोखंडी पत्र्यांच्या उभ्या भिंती. तिथे गेल्या काही वर्षांत तरंगते ताफे बांधून त्यांवर सेज आणि इतर देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. 'वाइल्ड माइल' म्हणतात त्याला. मुळं थेट पाण्यात लोंबतात आणि त्यांच्यामध्ये मासे फिरतात.

घरच्या तळ्याकाठी लागवड करायची तर ती मे-जूनमध्ये करावी, बी फेकण्याऐवजी लहान रोपं लावावीत, कारण सेजचं बी रुजायला फार वेळ घेतं. पहिल्या वर्षी हंस-बदकांपासून दोऱ्या-जाळीनं राखण करावी लागते. आणि शरदात गवत कापू नये. वाळलेले दांडे बर्फ अडवून धरतात, बर्फाची गोधडी खालच्या गड्ड्याला जपते, आणि पोकळ दांड्यांत रानटी मधमाश्यांची पिल्लं झोपलेली असतात. कापायचं ते पुढच्या वसंतात.

याच वसंतात एक प्रसंग घडतो, नव्या घरांत तर हमखास. एप्रिलच्या अखेरीस शेजारची हिरवळ हिरवीगार होते, डॅफोडिल फुलतात, बर्चला पालवी येते आणि तळ्याकाठचं कॉर्डग्रास मात्र करड्या खुंटांसारखं तसंच. हिवाळ्यानं मारलं असं वाटून घरचं माणूस फावडं काढतं. कॉर्डग्रास हे ज्वारी आणि उसासारखं उन्हाळी गवत आहे. माती तापल्याशिवाय ते नीट वाढीला लागत नाही. फावडं परत ठेवून थोडं थांबलं, तर एका उबदार सकाळी त्या खुंटांच्या बुडाशी, चिखलातून टाचणीसारखी टोकदार, जांभळट हिरवी टोकं वर आलेली दिसतात.